विचारून घेतलेलं फूल

आजचं चिंतन गीतेच्या ९व्या अध्यायातल्या २६व्या श्लोकावर. प्रेमाने वाहिलेलं साधं पान किंवा नुसतं पाणीही देवाला पुरतं, असा त्याचा भाव.

काल पूजेला फुलं नव्हती. खाली शेजारच्या काकूंची जास्वंद मस्त फुलली होती, हिरव्यागार पानांत लालभडक. कुणी बघत नव्हतं. दोन फुलं तोडली, बाप्पाला वाहिली. पण आरतीत मन लागेना. ती फुलं खरंच मी दिली का? पाणी घातलं काकूंनी, पानांवरचा मावा धुतला काकूंनी. मी फक्त हात लांब केला!

मग मनच म्हणालं, स्वतःच्या कुंडीतलं तरी माझं कुठे असतं? ऊन त्याचं, पाऊस त्याचा. खरंय. पण रोजची निगा आपली असते. द्यायला आपल्याकडे तेवढंच आहे, आणि मी नेमकं तेच दिलं नव्हतं. अरणच्या सावता माळींची तर मळ्यातली निगा हीच पूजा झाली.

संध्याकाळी काकूंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "अगं, मागितली असतीस तर मीच दिली असती. आता उद्यापासून पाणी तू घाल."

आज सकाळी झाडाला पाणी घातलं. एकही फूल तोडलं नाही. देवापुढे फक्त तांब्याभर पाणी ठेवलं. श्लोकात तेही आहेच ना!

तुम्ही आज देवाला जे वाहिलंत, त्यात तुमचं काय होतं?