अभयदानाचे ऋण कोणी फेडावे?

वन्यजीवांच्या रक्षणासाठी उभी राहिलेली कोणतीही संस्था, मग ती शासनाचा वन्यजीव विभाग असो, १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेले एखादे मंडळ असो किंवा अभयारण्याच्या सीमेवरील गावाची परिस्थितिकीय विकास समिती असो, दोन प्रकारच्या नियमांवर चालते. पहिले नियम कारभाराचे असतात: सभासद कोणी व्हावे, कार्यकारिणी कशी निवडावी, निधीचा हिशेब कोणाला द्यावा आणि निर्णय कोणाच्या सहीने व्हावा हे त्यांत ठरते. दुसरे नियम कामाचे असतात: जंगलात पायी फिरणाऱ्याने किती तास काम करावे, त्याला मजुरी किती आणि केव्हा मिळावी, तो जखमी झाला किंवा मेला तर त्याच्या कुटुंबाची जबाबदारी कोणी घ्यावी हे त्यांत ठरावे अशी अपेक्षा असते. हे दोन्ही प्रकार कार्यालयीन सोयीचे म्हणून बाजूला ठेवले जातात आणि धर्मविचार मात्र प्राण्याच्या जीवाविषयी, दयेविषयी व अहिंसेविषयी बोलत राहतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, अहिंसेची खरी परीक्षा या नियमांतच होते, कारण प्राण्याला दिलेल्या अभयाची किंमत अखेर कोणीतरी देहाने चुकती करतो आणि तो कोण हे नियमच ठरवतात.

भारतीय परंपरांनी अभयाला फार वरचे स्थान दिले आहे. जैन विचारात आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी दानाची चार रूपे सांगितली जातात. त्यांतील अभयदान म्हणजे दुसऱ्या जीवाला भयमुक्त जगता यावे याची हमी देणे होय. अन्न दिले की दात्याचे काम तेवढ्यापुरते संपते, परंतु अभय देणाऱ्याला ते रोज राखावे लागते, आणि राखताना दुसऱ्या कोणाचा तरी हक्क किंवा भूक आड येते. महाभारताच्या वनपर्वातील राजा आणि कबुतराची कथा, जी काही ठिकाणी शिबीची तर काही ठिकाणी त्याचा पिता उशीनर याची म्हणून येते, हाच पेच मांडते. कबुतर राजाला शरण येते आणि पाठोपाठ आलेला ससाणा विचारतो की, त्याचे नैसर्गिक अन्न हिरावून त्याला व त्याच्या पिलांना उपाशी मारणे हा कसला धर्म. ससाण्याचे म्हणणे कथा खोटे ठरवत नाही, ही तिची नैतिक उंची आहे. राजा आधी इतर जनावरांचे मांस देऊ करतो, ते नाकारले जाते आणि शेवटी त्याला स्वतःच्या देहाचे मांस कापून तराजूत घालावे लागते. दया ज्याची, भारही त्याचाच, आणि तो दुसऱ्याच्या देहावर ढकलून दया केल्याचे पुण्य घेता येत नाही, असा या कथेचा निर्णय आहे.

विदर्भाच्या भूमीशी घट्ट नाते असलेल्या महानुभाव परंपरेतही हेच सूत्र आढळते. तेराव्या शतकातील चक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणाऱ्या लीळाचरित्रात, पारध्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या गुडघ्याखाली येऊन दडतो आणि शरण आलेल्याला मरणाच्या हाती देता येत नाही म्हणून स्वामी त्याला राखतात. येथे आश्रय देणारा आणि धोक्याच्या मध्ये उभा राहणारा हे दोघे एकच आहेत, आणि पारध्यांनाही स्वामी शत्रू न मानता समजावतात. व्यक्तीच्या अहिंसेत ही एकरूपता सहज टिकते. संस्थेच्या अहिंसेत ती तुटते, कारण संस्थेत अभय जाहीर करणारा एक असतो, त्याचा गौरव स्वीकारणारा दुसरा असतो आणि वाघाच्या वाटेवर प्रत्यक्ष चालणारा तिसरा असतो.

ही तूट ओळखून ती भरण्याचा प्रयत्न भारतात फार जुना आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथील मौर्यकालीन मानल्या जाणाऱ्या शिलालेखात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी राजाज्ञा आहे. म्हणजे वन्यजीवांविषयीचा शासकीय नियम विदर्भाला दोन सहस्रकांहून अधिक काळ परिचित आहे. त्याहून मोलाची गोष्ट अशोकाच्या नवव्या शिलालेखात दिसते, ज्याचा एक तुकडा महाराष्ट्रातच सोपारा येथे सापडला. खरे मंगलकार्य कोणते हे सांगताना अशोक त्यात दास आणि भृतक, म्हणजे मजुरीवर काम करणारे सेवक, यांच्याशी नीट वागणे आणि प्राणिमात्रांविषयी संयम या दोन गोष्टी एकाच मालिकेत ठेवतो. राबणाऱ्याशी योग्य वर्तन आणि मुक्या जीवाविषयी संयम ही त्याच्या दृष्टीने एकाच धर्माची अंगे होती. आज त्यांतील पहिले श्रम विभागाकडे आणि दुसरे वन विभागाकडे गेले आहे, आणि दोन कचेऱ्यांमधल्या जागेत वनमजूर उभा आहे.

भारतीय संविधानाने मात्र ही दोन अंगे पुन्हा एकत्र ठेवली. त्याच्या चौथ्या भागात, राज्याने कारभार करताना कोणती तत्त्वे पाळावीत हे सांगणाऱ्या निदेशक तत्त्वांत, अनुच्छेद ४२ कामाच्या न्याय्य व माणुसकीच्या परिस्थितीची तरतूद करण्यास सांगतो, तर १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ४८-क वने व वन्यजीव यांचे रक्षण करण्यास सांगतो. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ५१-क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. ही तत्त्वे न्यायालयातून थेट अंमलात आणता येत नाहीत असे अनुच्छेद ३७ सांगतो, परंतु तोच अनुच्छेद ती देशाच्या शासनात मूलभूत असल्याचेही सांगतो. एका तत्त्वाच्या नावाने दुसऱ्याला बगल देण्याची मुभा संविधानात कोठेही नाही.

यवतमाळ जिल्ह्यात हा विचार पुस्तकात राहू शकत नाही. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर आहे आणि त्याचे नाव त्या जंगलातील टिपाई देवीशी जोडलेले आहे. वाघांच्या दृष्टीने हे क्षेत्र लहान आहे, त्यामुळे वयात आलेले वाघ येथून बाहेर पडतात; २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ टिपेश्वरहून निघून तेराशे किलोमीटरांहून अधिक भटकंती करीत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. बाहेर पडलेल्या वाघाच्या वाटेत कापसाची व तुरीची शेते, गुराख्यांचे चराईचे रान आणि कोलामांची पोडे, म्हणजे त्या आदिवासी समाजाच्या छोट्या वस्त्या, येतात. याच परिसरात टी-१ किंवा अवनी या नावाने ओळखल्या गेलेल्या वाघिणीशी २०१६ ते २०१८ या काळातील तेरा माणसांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या शिवारात ती गोळीने मारली गेली.

त्या वेळी झालेल्या वादाला माणूस की वाघीण असे स्वरूप आले. गावांनी सुटकेचा श्वास सोडला आणि शहरांतील प्राणिप्रेमींनी निषेध केला. दोन्ही भावना खऱ्या होत्या, परंतु दोन्हींमध्ये नियमाचे नैतिक महत्त्व हरवले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कलम ११ मुख्य वन्यजीव रक्षकाला माणसाच्या जीवास धोकादायक ठरलेल्या प्राण्याच्या शिकारीची परवानगी देण्याचा अधिकार देते, पण ती परवानगी लेखी व सकारण असावी लागते, आणि प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नसल्याची खात्री पटल्याखेरीज मारण्याचा आदेश देता येत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने कारण मागणारी ही तरतूद ससाण्याचे व कबुतराचे दोघांचेही म्हणणे ऐकून घेण्याचा कायदेशीर मार्ग आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत या प्रकरणी विहित कार्यपद्धती पाळली गेली नसल्याचे नोंदले गेले. कार्यपद्धती मोडते तेव्हा वाघिणीवर अन्याय होतो हे उघड आहे, परंतु त्यासोबत रात्री त्या शिवारात पाठवलेल्या माणसांचाही जीव टांगणीला लागतो, कारण बेशुद्धीकरणाचा क्रम, पशुवैद्यकाची उपस्थिती आणि आदेशाची स्पष्टता ही त्यांचीही ढाल असते.

त्या वादात ज्यांचा आवाज सर्वांत कमी ऐकू आला ते महिनोन्‌महिने माग काढणारे वनरक्षक आणि रोजंदारीवरील वनमजूर होते. नियत क्षेत्रात, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यात, पायी गस्त घालणे, उन्हाळ्यात पाणवठे भरणे, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढणे, कॅमेरा ट्रॅप लावणे आणि तारेचे फास शोधून काढणे हे अभयदानाचे दैनंदिन रूप आहे. या कामाचा धोका काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेसाठी पायी निघालेली एक वनरक्षक महिला वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली. अशा मृत्यूला हुतात्म्याचा मान देणे योग्यच आहे, पण मृत्यूनंतरचा मान हा जिवंतपणी दिलेल्या सुरक्षेचा पर्याय होऊ शकत नाही.

येथे एक जुना आणि प्रामाणिक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. वन्यजीवांचे रक्षण ही सेवा आहे, सेवेला तासांचे व मजुरीचे माप लावले तर तिचे पावित्र्य जाते, असे अनेक निःस्वार्थी कार्यकर्ते मनापासून मानतात. गीतेतील निष्काम कर्माचा आधारही त्यासाठी घेतला जातो. परंतु फळाची आसक्ती सोडणे हा कर्त्याने स्वतःपुरता घ्यायचा निर्णय आहे. दुसऱ्याने त्याच्या मजुरीची आसक्ती सोडावी असे फर्मावण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही. राज्यसंस्थेनेही एकदा याच जातीचा युक्तिवाद वेगळ्या भाषेत केला होता. मुख्य वनसंरक्षक विरुद्ध जगन्नाथ मारुती कोंढरे या, पुण्याच्या पाचगाव पर्वती येथील वनीकरणाच्या कामाशी संबंधित खटल्यात, वनाचे काम हे राज्याचे सार्वभौम कार्य असल्याने त्याला श्रम कायदे लागू होत नाहीत अशी भूमिका शासनाने घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली आणि मजुरांना वर्षानुवर्षे रोजंदारीवर ठेवून कायमपणाच्या लाभांपासून वंचित करणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार कायद्याखाली अनुचित श्रम प्रथा ठरवली. काम सार्वभौम आहे किंवा काम पवित्र आहे, या दोन्ही सबबींचा परिणाम एकच होतो: काम जितके थोर, तितका काम करणारा नियमाबाहेर. धर्माने ही उलटी गणना मान्य करता कामा नये.

कारभाराच्या नियमांत हा प्रश्न आणखी खोल जातो. सहकारी संस्थेचे सभासदच तिचे लाभार्थी असतात, त्यामुळे ते सभेत उठून जाब विचारू शकतात. वन्यजीव संस्था ज्यांच्यासाठी असते ते वाघ, अस्वल, नीलगाय सभेला येऊ शकत नाहीत, मत देऊ शकत नाहीत आणि हिशेब मागू शकत नाहीत. म्हणून अशा संस्थेचे पदाधिकारी मालक नसून विश्वस्त ठरतात. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी मांडलेला विश्वस्तपणाचा विचार, म्हणजे हाती आलेली सत्ता व संपत्ती दुसऱ्याची ठेव म्हणून सांभाळण्याचा विचार, येथे अक्षरशः लागू होतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब सादर करणे आणि विश्वस्त बदलल्यास बदल अहवाल देणे ही कागदी कटकट वाटते, पण मुक्या लाभार्थ्याच्या वतीने विचारलेला तो एकमेव प्रश्न असतो. तरीही आयुक्तांची तपासणी पैशापर्यंत पोहोचते. वाघाचे आणि मजुराचे काय झाले हे सांगू शकणारी माणसे जंगलालगतच राहतात. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला वन्यजीव, वन व जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे, आणि म्हणून निर्णयाच्या बैठकीत पोडावरचा कोलाम, चराईवरचा गुराखी आणि गस्तीवरचा वनमजूर यांना जागा देणे ही कृपा नसून विश्वस्तपणाची अट आहे.

या भूमिकेतून काही नियम आपोआप निघतात. एकट्याला गस्तीवर न पाठवणे, धोकादायक प्राण्याच्या शोधमोहिमेत लेखी आदेशाखेरीज कोणाला न उतरवणे, रोजंदारी मजुराचाही अपघात विमा उतरवणे, मजुरी ठरल्या दिवशी देणे, आणि २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी महिलांच्या छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती खरोखर चालवणे, ही संस्थेच्या धर्माचरणाची कलमे मानली पाहिजेत. ज्या संस्थेत कनिष्ठ माणूस वरिष्ठाच्या भयाखाली राहतो, ती संस्था अरण्याला अभय देते हे म्हणणे आत्मविरोधी आहे.

माणसांच्या हक्कांवर एवढा भर दिला तर प्राण्यांचा वाटा कमी होईल, अशी भीती काहींना वाटते. अनुभवाचा तर्क उलट दिशेने जातो. ज्याचे घर मजुरीवर चालते आणि ज्याला जंगलात स्वतःचा सन्मान सापडतो, तोच तारेचा फास दिसल्यावर तो काढतो, वणव्याचा धूर पहिल्यांदा कळवतो आणि संतापलेल्या जमावासमोर वाघाच्या बाजूने दोन शब्द बोलू शकतो. नागवलेला माणूस दुसऱ्या जीवाचा रक्षक फार काळ राहू शकत नाही, आणि तसे राहण्याची मागणी करणे ही हिंसाच आहे, मग तिचा हेतू कितीही करुणेचा असो.

म्हणून वन्यजीव संस्थेच्या नियमावलीकडे धर्मग्रंथाच्या गांभीर्याने पाहिले पाहिजे. शिबीच्या तराजूत दुसऱ्याचे मांस चालले नाही. टिपेश्वरच्या जंगलातही ते चालणार नाही. वाघाला अभय हवे असेल, तर त्याचे ऋण ते जाहीर करणाऱ्या समाजाने, शासनाने आणि संस्थेने स्वतःच्या तिजोरीतून, वेळेतून व अधिकारातून फेडले पाहिजे, आणि वनमजुराच्या देहावर ते टाकण्याची वाट नियमानेच बंद केली पाहिजे.