पैसे परत आले, वर्णन तसंच राहिलं

उल्हासनगरच्या बाजारात जीन्स घेणारं गिऱ्हाईक कापड चिमटीत धरून पाहतं, शिवण उलटी करून बघतं आणि मग भाव करतं. लेबलावर कुठल्याही देशाचं नाव असो, निवाडा बोटं करतात. त्याच शहरातल्या कॅम्प १ मध्ये बसून मोबाइलवर तीच पँट मागवणाऱ्यापाशी मात्र फोटो आणि चार ओळींचं वर्णन एवढंच असतं. 'शंभर टक्के कॉटन' वाचून घेतलेली पँट पॉलिस्टरमिश्रित निघाली, तर ती फाटकी नसेलही. पण सौदा झाला तो तिचा नव्हता. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, हे १९३० च्या मालविक्री कायद्यातच आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. एवढा भक्कम हक्क आपण 'रिटर्न'च्या बटणापुरता करून टाकला आहे. पैसे खात्यात आले की प्रकरण मिटलं, असं आपण मानतो. खोटं वर्णन मात्र पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहत तिथंच असतं.

सहाशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार, हा आक्षेप पूर्वी रास्त होता. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा दिली; विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार ठाण्यात, तीही ऑनलाइन, दाखल होते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ ही हेल्पलाइन आहे. शिवाय फसवी जाहिरात अनेकांना बाधत असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे कळवता येतं. तिथं प्रश्न एका गिऱ्हाइकाच्या सहाशे रुपयांचा राहत नाही. २०२२ मध्ये निकृष्ट प्रेशर कुकरच्या प्रकरणी याच प्राधिकरणाने अॅमेझॉनला २,२६५ ग्राहकांना कळवून पैसे परत करण्याचा आदेश दिला. त्यासाठी त्या प्रत्येकाने तक्रार केलेली असण्याची गरज नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गिऱ्हाइकंही लबाडी करतात, वापरलेले कपडे परत पाठवतात, आणि कडक नियमांत उल्हासनगरचा छोटा कारखानदारच भरडला जाईल. लबाड गिऱ्हाइकं आहेत, हे मान्य. म्हणूनच पुरावा हवा: माल उघडतानाचे फोटो, वर्णनाचा स्क्रीनशॉट, बिल. पण कारखानदाराचा खरा शत्रू खोटं वर्णन आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखवलं, की खरं-खोटं ओळखता येत नसेल तर गिऱ्हाईक सगळ्याच मालाला पडेल भाव देतं आणि चांगला माल विकणारा बाजार सोडतो. खरं सुती कापड वापरणाऱ्याच्या शेजारी तेच शब्द लिहून निम्म्या दरात मिश्र कापड विकलं जातं, तेव्हा पहिल्याचा धंदा बुडतो. परतावा मिळाल्यावरही केलेली तक्रार त्याच्याच बाजूने असते.