‘त्याला काढू नका!’



आज सामान्य काळातील तिसाव्या रविवारी संत लूक आपल्याला मंदिरात प्रार्थनेसाठी गेलेल्या दोन माणसांची गोष्ट सांगत आहे. एक परूशी, दुसरा जकातदार. ही गोष्ट आपण बालवर्गापासून ऐकत आलो आहोत, त्यामुळे परूशी म्हटला की तो ढोंगी, खोटारडा असे बरेच जण धरून चालतात. पण शुभवर्तमान पुन्हा एकदा सावकाश वाचा. परूशी खोटे बोलत नाही. आठवड्यातून दोन उपवास तो खरोखर करत होता, उत्पन्नाचा दहावा भाग खरोखर देत होता. जकातदार पापी आहे हे त्याचे म्हणणेसुद्धा खरे होते. खुद्द जकातदारानेच ते छाती बडवून कबूल केले. मग दोघांपैकी खरे बोलणारा, हिशेब चोख असणारा माणूस देवासमोर नीतिमान न ठरता घरी का गेला?

हा प्रश्न समजून घ्यायला आज आम्ही तुम्हाला एका खेळाच्या मैदानावर नेणार आहोत. आपल्या तरुण मंडळींना आवडेल. आजीबाईंनी थोडे सांभाळून घ्यावे.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून पळायचे, डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर चिलखत आणि एकमेकांना आडवे पाडायचे असा तो खेळ आहे. तेथे महाविद्यालयांचे संघ शनिवारी खेळतात आणि एकेका सामन्याला पन्नास हजार, लाखभर लोक जमतात. संघाची निष्ठा बापाकडून मुलाकडे येते, अगदी आडनावासारखी. या महाविद्यालयांत इंडियाना राज्यातील एक नाव आपल्या जवळचे आहे : नोटर डेम, म्हणजे ‘आपली माता’ मरिया. १८४२ साली पवित्र क्रूस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी ते स्थापन केले. तेथील ग्रंथालयाच्या भिंतीवर हात उंचावलेल्या ख्रिस्ताचे भव्य चित्र आहे. गुण झाला की पंच तसेच दोन्ही हात वर करतो, म्हणून प्रेक्षकांनी त्याला गमतीचे नावही ठेवले आहे. असो.

१९८१ साली या संघाला नवा प्रशिक्षक मिळाला, जेरी फॉस्ट. हा माणूस त्याआधी कधीही महाविद्यालयीन संघाचा प्रशिक्षक नव्हता. ओहायो राज्यात सिनसिनाटीजवळ मोलर नावाची एक कॅथलिक शाळा आहे. तेथे १९६३ ते १९८० अशी अठरा वर्षे त्याने मुलांना शिकवले; पावणेदोनशेच्या आसपास सामने जिंकले आणि हरले ते पंचवीसच्या आत. रोज मिस्साला जाणारा, खेळाडूंबरोबर ‘नमो मरिया’ म्हणणारा, मोठ्या आवाजाचा, भाबडा म्हणावा इतका उत्साही असा गृहस्थ. लहानपणापासून त्याचे एकच स्वप्न होते, नोटर डेमचा प्रशिक्षक व्हायचे. ते पुरे झाले. पहिलाच सामना २७ विरुद्ध ९ असा जिंकला आणि संघ देशात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. पुढच्याच आठवड्यात मिशिगनने २५ विरुद्ध ७ असे हरवले. त्या वर्षी पाच विजय आणि सहा पराभव. नोटर डेमसारख्या संघाला ही मोठी नामुष्की होती. पुढे १९८२ पासून सलग चार वर्षे हवाई दलाच्या अकादमीच्या संघाकडूनही हार पत्करावी लागली. मैदानावर आणि गाड्यांच्या मागे ‘फॉस्टला हटवा’ अशा अर्थाची घोषणा दिसू लागली. इंग्रजीत तिचे यमक छान जुळते, ‘आउस्ट फॉस्ट’. यमक जुळले की क्रूरपणा विनोदासारखा वाटू लागतो.

आता या चित्रात तिसऱ्या माणसाला आणू या. तो नोटर डेमचा नव्हे, तर प्रतिस्पर्धी संघाचा चाहता. मिशिगनचा धरा, सदर्न कॅलिफोर्नियाचा धरा, कोणाचाही धरा. असा चाहता तेथे प्रत्येक पिढीत, प्रत्येक गावात असतो. हरणाऱ्या शेजारी प्रशिक्षकाविषयी त्याचे मत काय असते? ‘त्याला काढा’ असे तो म्हणत नाही. तो म्हणतो, ‘छे छे, त्याला काढू नका! किती सज्जन माणूस! अजून वेळ द्या बिचाऱ्याला. करार आणखी दहा वर्षे वाढवा!’ आणि मित्रांना डोळा मारतो.

बंधुभगिनींनो, हे वाक्य नीट ऐका. त्यात शिवी नाही, निंदा नाही. उलट ते कनवाळू आहे. कागदावर लिहून काढले तर एखाद्या फादरने लिहिले आहे असेच वाटेल.

आणि गंमत अशी की एका फादरनी खरोखर तसेच केले. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग आणि त्यांचे सहकारी फादर एडमंड जॉइस यांच्यावर फॉस्टला काढण्यासाठी सगळीकडून दबाव येत होता. फॉस्टशी पाच वर्षांचा करार झालेला होता. तो त्यांनी पाळला. मधल्या वर्षांत हार होत राहिली, टीका होत राहिली, पण दिलेला शब्द मोडला नाही. पाचवे वर्ष संपताना, २६ नोव्हेंबर १९८५ रोजी, फॉस्टने स्वतःच राजीनामा जाहीर केला.

म्हणजे पाहा, फॉस्ट राहावा असे दोघांनाही वाटत होते, फादर हेसबर्ग यांना आणि प्रतिस्पर्ध्याच्या त्या चाहत्याला. शब्द एक, कृती एक. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला शिकवले जायचे की एखाद्या कृतीचे मोल ठरवताना तीन गोष्टी पाहाव्यात : काय केले, कशासाठी केले आणि कोणत्या परिस्थितीत केले. संत थॉमस अक्वायनस यांचाच हा विचार. त्या वयात ते सारे कोरडे वाटायचे. पण येथे ते किती स्वच्छ दिसते! ‘काय’ तेच आहे. ‘कशासाठी’ बदलले आणि एकाची कृती निष्ठा झाली, दुसऱ्याची इच्छा विष झाली. एकाला तो माणूस हवा होता. दुसऱ्याला त्या माणसाचे हरणे हवे होते.

मत्सराला मुली असतात, असे अक्वायनस यांनी संत ग्रेगरी यांच्या आधारे लिहून ठेवले आहे. त्यांतली एक म्हणजे दुसऱ्याच्या दुर्दैवात वाटणारा आनंद. तिची धाकटी बहीण दुसऱ्याच्या भरभराटीत होणारे दुःख. दोघी एकाच घरात राहतात. पहिली हसरी असते, म्हणून तिला कोणी पाप म्हणत नाही. दुसऱ्याची चोरी केली तर माणूस पापनिवेदनाला येतो, पण दुसऱ्याची फजिती पाहून हसलो हे सांगायला कोणी येत नाही. इतक्या वर्षांत आम्ही ते क्वचितच ऐकले आहे.

कोणी विचारेल, फादर, मग खेळावर मतच द्यायचे नाही का? अवश्य द्यावे. फॉस्टच्या पाच वर्षांचा हिशेब ३० विजय, २६ पराभव आणि एक बरोबरी असा आहे. तो हिशेब कोणालाही नाकारता येणार नाही. शालेय संघावरून एकदम देशातल्या सर्वात मोठ्या व्यासपीठावर आणणे ही उडी फार लांब होती, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे आम्हालाही पटते. कामाची परीक्षा ही न्यायाची गोष्ट आहे. ती सोडून दिली तर शाळा, रुग्णालय, पतपेढी काहीच चालणार नाही. संत इग्नेशियस साधना देताना सुरुवातीलाच बजावतात की दुसऱ्याच्या बोलण्याचा शक्यतो चांगला अर्थ लावावा, आणि तसा लागत नसेल तर त्याला प्रेमाने सुधारावे. सुधारू नये, असे ते म्हणत नाहीत. पण प्रतिस्पर्ध्याच्या चाहत्याला फॉस्टला सुधारायचे नव्हते. त्याला त्याच्यावर उभे राहून उंच व्हायचे होते. परूश्यानेही तेच केले. त्याचे उपवास, त्याचे दान आणि त्याच्या शेजारी उभा असलेला पापी या तिन्ही गोष्टी त्याने एकाच यादीत घातल्या. जणू शेजाऱ्याचे पाप ही त्याची स्वतःची कमाई होती!

फॉस्टचा शेवटचा सामना ३० नोव्हेंबर १९८५ रोजी मायामीविरुद्ध झाला. राजीनामा देऊन चार दिवस झाले होते. मायामीने ५८ विरुद्ध ७ असा धुव्वा उडवला आणि सामना केव्हाच हातात आलेला असतानाही गुण चढवत राहिले. त्या दिवशी दूरदर्शनवर समालोचन करणारे आरा पार्सिगियन हे स्वतः नोटर डेमचे जुने प्रशिक्षक; त्यांना ते पाहवले नाही आणि थोडी दया दाखवायला हवी होती, असे त्यांनी बोलून दाखवले. हरणे हा खेळाचा भाग आहे. पण मैदानाच्या कडेला उभा असलेला तो पन्नाशीचा माणूस कोणाचा तरी नवरा आणि कोणाचा तरी बाप होता.

नीतिसूत्रांच्या चोविसाव्या अध्यायात एक विलक्षण सल्ला आहे. शत्रू पडला तर आनंद मानू नकोस, असे ज्ञानी माणूस सांगतो आणि कारणही देतो : परमेश्वर ते पाहील, त्याला ते आवडणार नाही आणि त्या शत्रूवरचा राग तो आवरून घेईल. म्हणजे आपण हसलो की देव पडलेल्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो! देवाची ही खोड शुभवर्तमानात पानोपानी दिसते.

आता कोणी असे समजेल की या गोष्टीत कॅथलिक बिचारे आणि इतर दुष्ट. तसे मुळीच नाही. तीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८८ रोजी, मायामीचा संघ नोटर डेमला खेळायला आला. मायामीच्या काही खेळाडूंची नावे पोलीस प्रकरणांत गाजली होती. नोटर डेमच्या विद्यार्थ्यांनी बनियन छापून विकले. त्यांवर लिहिले होते, ‘कॅथलिक विरुद्ध कैदी’. आपल्या मातेचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात! सामना नोटर डेमने ३१ विरुद्ध ३० असा जिंकला, त्या वर्षी ते देशात अजिंक्य ठरले आणि ती घोषणा आजही लोकांच्या लक्षात आहे. घोषणा चतुर होती यात शंका नाही. पण संत मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचे जे वर्णन आहे, तेथे राजा तुरुंगात असलेल्याशी स्वतःची ओळख सांगतो. स्वतः ख्रिस्तही एक कैदी म्हणूनच मेला, दोन गुन्हेगारांच्या मध्ये. तेव्हा ‘कॅथलिक विरुद्ध कैदी’ असा सामना लागला तर प्रभू कोणत्या बाजूच्या बाकावर बसलेला असेल, याचा विचार त्या मुलांनी केला नसावा.

आणि दोन्ही बाजूंना कॅथलिकच असले तर? डिसेंबर १९८३ मध्ये तसेही घडले. येशूसंघीयांचे बॉस्टन कॉलेज आणि पवित्र क्रूस संघीयांचे नोटर डेम समोरासमोर आले आणि फॉस्टचा संघ १९ विरुद्ध १८ असा एका गुणाने तरला. त्या रात्री दोन्ही बाजूंनी किती जपमाळा झाल्या असतील, आणि पवित्र मातेने त्यांतली कोणती बाजूला ठेवली असेल, ते तीच जाणे.

फॉस्ट नंतर ॲक्रन विद्यापीठात १९८६ ते १९९४ अशी नऊ वर्षे प्रशिक्षक होता. तेथेही विजयापेक्षा पराभव जास्तच झाले. पण ज्या संस्थेत त्याची इतकी टर उडवली गेली त्या संस्थेविषयी त्याने आयुष्यभर प्रेमानेच बोलणे केले. नोटर डेममध्ये आपले फक्त सव्वीस दिवस वाईट गेले, असे तो सांगत असे. सव्वीस म्हणजे हरलेले सामने. उरलेल्या सगळ्या दिवसांत आपल्याइतका सुखी माणूस जगात नव्हता, असे त्याचे म्हणणे. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी, ८९ व्या वर्षी तो देवाघरी गेला. पाच वर्षांतून सव्वीस दिवस वजा करून बाकीच्यांसाठी देवाचे आभार मानणारा हा हिशेबही खराच होता. परूश्याच्या हिशेबात आणि या हिशेबात एवढाच फरक की यात शेजारचा कोणी नव्हता.

पुढच्या रविवारी नऊच्या मिस्सानंतर आपल्या युवकांचा शेजारच्या धर्मग्रामाच्या संघाशी सामना आहे, आणि त्यांचा संघ यंदा सारखा हरतो आहे हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या प्रशिक्षकाविषयीचे विनोद चर्चच्या पायऱ्यांवर आमच्याही कानावर आले आहेत. त्यांतला ‘त्यालाच ठेवा म्हणावं’ हाही एक. सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघांनी मध्यभागी एकत्र येऊन दोन्ही प्रशिक्षकांसाठी एक ‘नमो मरिया’ म्हणावी असे आम्ही युवकांना सांगितले आहे, नावे घेऊन. पालकांनीही मैदानाच्या कडेला उभे राहून त्यात आवाज मिळवावा. नंतर चहा आपल्या महिला मंडळातर्फे आहे, आणि पहिला कप पाहुण्यांच्या प्रशिक्षकाला द्यायचा आहे, निकाल काहीही लागो.

आपले,
धर्मगुरू