सगळ्यांना एकच काठी?

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात पृथ्वी आहे, वारा आहे, कबुतर, अजगर, पतंग, मासा, मधमाशी आहे. कुत्रा नाही. तसबिरीत मात्र दत्तमहाराजांच्या पायाशी चार श्वान! ते चार वेद, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण घरात कुत्री असलेल्या माणसाचं लक्ष आणखी एका गोष्टीकडे जातं. आमच्या देवघरातल्या तसबिरीत चौघांच्या चार तऱ्हा आहेत. एक महाराजांच्या मुखाकडे बघतोय, एक भलतीकडेच, एक निवांत बसलाय, एक गाईच्या मागून डोकावतोय. गळ्यात पट्टा कुणाच्याच नाही.

आमचं घर चौलला, नारळी-पोफळीच्या वाडीत. मार्गशीर्ष पौर्णिमेला डोंगरावरच्या दत्ताची यात्रा सुरू झाली की पाच दिवस गाव माणसांनी भरून जातो. घरात दोन गावठी कुत्रे, तांबू आणि बाळ्या. एकाच वेतातले, एकाच ताटलीत जेवलेले. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळाने वाडी आडवी केली तेव्हा दोघं वर्षाचे होते. दुसऱ्या दिवशी तांबू पडलेल्या माडांवरून उड्या मारत हिंडत होता. बाळ्या तीन दिवस बाजेखालून निघाला नाही. अजूनही पत्रा वाजला की तो तिथेच जातो.

तांबूचा गुन्हा वेगळा. मासळीवाल्या मावशी आल्या की तो टोपलीवर झेप घेई. (दत्ताच्या अंकात मासळी आली याला इलाज नाही, किनाऱ्याचं कुत्रं ते!) एकदा मावशी पडता पडता वाचल्या. गावातल्या दोघातिघांनी स्पष्टच सांगितलं, “साळावच्या पुलापलीकडे नेऊन सोडा त्याला.” शेजारचे दादा मात्र म्हणाले, “काका, सोडू नका, पण काठी दाखवा. आणि दोघांनाही दाखवा. एकाला लाड, एकाला दोरी, हा कसला न्याय? देवाच्या दारी भेदभाव नसतो.”

दादांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. समान वागवणं म्हणजे न्याय, हे आपण शाळेपासून शिकलो. मग स्वभाव बघून नियम बदलला तर तो पक्षपात का नाही?

रशियाच्या पावलोव्ह यांचं नाव आपण घंटा आणि लाळ एवढ्यापुरतं ऐकलेलं असतं. पण कुत्र्यांत स्वभावाचे चार मुख्य प्रकार दिसतात, असंही त्यांनी मांडलं होतं. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला महापूर आला, तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना पिंजऱ्यांतून कसंबसं वाचवलं गेलं. पूर ओसरल्यावर काही कुत्रे पूर्ववत कामाला लागले. काही मात्र इतके हादरले होते की महिनोन्‌महिने शिकलेलं सगळं विसरले. पुढे दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडली, तरी असा एक कुत्रा पुन्हा सैरभैर झाला. पूर सगळ्यांना एकच होता. हे वाचताना मला बाजेखालचा बाळ्या दिसला.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, डॅनियल फ्रीडमन यांचा, १९५८ साली प्रसिद्ध झालेला. चार जातींची पिल्लं घेतली. काही लाडात वाढवली, काही शिस्तीत. मग मांसाचं भांडं समोर ठेवायचं आणि पिल्लाने तोंड घातलं की ओरडून चापट मारायची. थोड्या वेळाने माणूस खोलीबाहेर जाई. बसेंजी जातीची पिल्लं, कशीही वाढवलेली असोत, माणसाची पाठ वळताच खायला लागत. शेटलंड मेंढपाळ कुत्र्यांची पिल्लं, लाडाची असोत वा शिस्तीची, भांड्याला तोंडच लावीनात. उरलेल्या दोन जातींत, बीगल आणि फॉक्स टेरियरमध्ये, लाडात वाढलेली पिल्लं शिस्तीतल्यांपेक्षा जास्त वेळ थांबली.

आता दादांची काठी यावर ठेवून बघा. निबर पिल्लाला चापटीचा उपयोग नाही, हळव्याला ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून ‘स्वभावाप्रमाणे शिकवावं’ याचा अर्थ ‘हा कोडगा आहे, याला मारच लागतो’ असा काढणं मला चुकीचं वाटतं. हा अर्थ फार सोयीचा आहे. मुलांच्या बाबतीतही आपण तो सर्रास काढतो. हातात काठी घेऊन मग स्वभाव ओळखायला बसलं तर सगळेच कोडगे दिसायचे.

आपल्या परंपरेत याला अधिकारभेद म्हणतात. कार्तवीर्य सहस्रार्जुन दत्तगुरूंकडे गेला, त्याला सहस्र हात मिळाले. अलर्क राजा वेढ्यात सापडून, खचून गेला, त्याला योग सांगितला. परशुरामाला त्रिपुरेची उपासना दिली. गुरू एक, देणं तीन तऱ्हेचं. हा पक्षपात झाला, असं त्या तिघांपैकी कुणीच म्हटलेलं नाही!

कामाचंही तसंच. १९९३ ला आमच्याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला स्फोटकं उतरली, आणि मुंबईत स्फोटकं हुंगून काढण्यात पोलिसांच्या ‘जंजीर’ने नाव कमावलं. तो लॅब्रॅडॉर होता. गुन्हेगाराच्या मागावर आपले पोलीस बहुधा डॉबरमन नेतात. स्फोटकाला पंजा मारून चालत नाही. सापडलं की शांत बसणाराच लागतो.

तांबूला लांब दोरी लावली. मावशींची हाक लांबून आली की त्याची झेप सुरू होण्याआधी, त्याचा कान माझ्याकडे वळला त्याच क्षणी, सुक्या बोंबलाचा तुकडा. आधी फाटकापासून पन्नास पावलांवर, मग चाळीस. वेळ साधली पाहिजे. उशिरा दिलेला तुकडा भलतंच शिकवतो. महिना-दीड महिना गेला. बाळ्याकडून मी काहीच मागितलं नाही. बाजेपासून दूर, त्याच्याकडे कूस करून, डोळ्याला डोळा न देता बसायचं, शेजारी भाकरी ठेवायची. यात्रेचे भोंगे लागले की त्याला आतल्या खोलीत ठेवतो. धीट व्हावा म्हणून यात्रेत ओढत नेणं मला मान्य नाही.

एका बाबतीत मात्र दोघांना नियम एकच. शाळेची पोरं रस्त्यावरून जातात त्या वेळी फाटक बंद. पोराच्या पोटरीपुढे कुत्र्याचा स्वभाव मी विचारात घेत नाही. मावशींना झालेला त्रासही ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून झटकता येत नाही; तांबू शिकेपर्यंत त्यांची टोपली मीच फाटकाबाहेर जाऊन बघत असे.

दादांनी गेल्या पंधरवड्यात पिल्लू आणलं. विचारायला आले, “काका, याला तांबूसारखं शिकवू की बाळ्यासारखं?” म्हटलं, आठ दिवस काही शिकवू नका. भांडं पडलं की काय करतं तेवढं बघा. लपतं, भुंकतं की हुंगायला जातं. काल म्हणाले, हुंगायला जातं, आणि मग पोरीच्या पायामागे लपतं. मी म्हटलं, अजून चार दिवस बघा.