श्रद्धा आणि प्रयत्न: राजदत्तांच्या दोन चित्रपटांच्या निमित्ताने

शिरूर तालुक्यातला रांजणगावचा महागणपती आणि दौंडहून शिरापूरमार्गे भीमा ओलांडली की भेटणारा सिद्धटेकचा सिद्धिविनायक ही ठिकाणे अनेकांनी प्रत्यक्ष जाण्याआधी पडद्यावर पाहिली, ती राजदत्त यांच्या ‘अष्टविनायक’ (१९७९) या चित्रपटात. देव न मानणारा, स्वतःच्या कर्तृत्वावर भिस्त ठेवणारा तरुण संकटांनी खचतो आणि अखेर आठही गणपतींच्या दर्शनाला निघतो, हे त्याचे कथासूत्र. यावरचा जुना आक्षेप असा, की चित्रपट माणसाच्या प्रयत्नाला हरवून श्रद्धेला जिंकवतो. कथानकापुरता हा आक्षेप मला रास्त वाटतो. श्रद्धा आणि प्रयत्न यांना एकमेकांसमोर उभे केले, की कुणीतरी हरावेच लागते. पण मुळात ही जोडी एकमेकांची वैरी आहे का?

ज्या क्षेत्रांकडे कॅमेरा वळला, त्यांच्या स्थळकथा वेगळेच सांगतात. रांजणगावची कथा त्रिपुरासुराच्या वधाची आहे. साक्षात शंकराला तो आवरेना, म्हणून त्याने गणेशाची आराधना केली. सिद्धटेकला विष्णूची तीच गत झाली. मधु आणि कैटभ आटोपेनात, तेव्हा त्याने तिथल्या टेकडीवर तप करून सिद्धी मिळवली. दोन्ही कथांत आराधनेनंतरही लढाई टळत नाही. गणपती शंकराच्या वतीने बाण सोडत नाही, विष्णूऐवजी युद्धाला उभा राहत नाही. आराधना येते ती लढणाऱ्याचा ‘मीच पुरेसा आहे’ हा भ्रम उतरवण्यासाठी. श्रद्धा ही फळाची हमी नसून प्रयत्नाची शुद्धी आहे, असा या कथांचा अर्थ मी लावतो. रांजणगावला आज औद्योगिक वसाहतही आहे. पाळीवर जाताना हात जोडणारा कामगार यंत्र देव चालवील असे समजत नाही. हात जोडून झाले की तो कामाला लागतो.

यावर कुणी पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके यांची आख्यायिका पुढे करील. सेनापतिपद गेल्यावर त्यांनी सिद्धटेकला एकवीस दिवस रोज एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि पद परत मिळाले, असे सांगतात. देऊळ टेकडीला लागून असल्यामुळे इथली प्रदक्षिणा साऱ्या टेकडीला वळसा घालून होते, म्हणजे तेही कष्टच. तरी ही कथा फळाची हमी देते, हे मान्य करायला हवे. मात्र ज्यांनी तितक्याच निष्ठेने प्रदक्षिणा घातल्या आणि ज्यांना काहीच मिळाले नाही, त्यांची आख्यायिका कुणी रचत नाही. मिळालेल्यांच्याच गोष्टी उरतात, म्हणून त्यांवरून नियम काढता येत नाही. चित्रपटाच्या सुखान्तालाही हेच लागू आहे. तो श्रद्धेची साक्ष देतो, पुरावा देऊ शकत नाही.

राजदत्तांच्या कामातच ‘अष्टविनायक’ला तोलून धरणारी कृती आहे. ‘अष्टविनायक’च्या दोन वर्षे आधी, १९७७ साली, त्यांनी संत गाडगेबाबांवर ‘देवकीनंदन गोपाला’ केला आणि बाबांच्या भूमिकेत होते डॉ. श्रीराम लागू, देवाला निवृत्त करा असे जाहीरपणे म्हणणारे! तिथे हाती खराटा आहे, नवस नाही. पटकथा आणि निर्माते वेगळे असताना एका माणसाच्या कारकिर्दीतून तत्त्वज्ञान काढणे ओढूनताणून नव्हे का, असे विचारता येईल. राजदत्तांची मते मला सिद्ध करायचीच नाहीत. दूरदर्शनसाठी ‘गोट्या’ करणाऱ्या आणि २०२४ मध्ये पद्मभूषण मिळालेल्या या दिग्दर्शकाने नवसाची आणि खराट्याची अशा दोन्ही श्रद्धांना सारख्याच मनःपूर्वकतेने वाट दिली, एवढे पडद्यावर दिसते. एकाच प्रेक्षकाने दोन्ही चित्रपट आपलेसे केले, कारण त्याच्या जगण्यात या दोन्ही श्रद्धा आधीपासून होत्या. खुद्द गाडगेबाबांनी मूर्तीपुढचे कर्मकांड झोडपले, पण पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा बांधल्या त्या यात्रेकरूंसाठीच. यात्रा त्यांना निषिद्ध असती, तर त्यांनी तिच्या वाटेवर निवारा उभारला नसता. त्यांचा राग होता तो देवाच्या नावावर आपले काम टाळणाऱ्यांवर, आणि त्या कसोटीवर ‘अष्टविनायक’मधला नायक यात्रेला निघतो तेव्हा नव्हे, तर परतल्यावर काय करतो, यावरून जोखायला हवा.