गोफणीतून सुटलेला डोळा

आरे कॉलनीतल्या छोटा काश्मीरच्या तळ्याकाठी बसलो की वर सांताक्रूझची विमाने आणि खाली पेडलबोटी. पाण्यावर बसणारे विमान कसे असेल, हे कुतूहल मला तिथेच लागले आणि त्याच्या मागे जाता जाता दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोचलो.

तेव्हा बहुतेक जहाजांवर रडार नव्हते. डोलकाठीवर चढलेल्या माणसालाही क्षितिजापलीकडचे दिसत नसे. म्हणून क्रूझरवर एक छोटे विमान ठेवत, चाकांच्या जागी फ्लोट लावलेले. कॅटपल्टवरून ते भिरकावत. ज्वारीच्या शेतातला राखणदार माळ्यावरून गोफणगुंडा सोडतो, तसे.

गोफणगुंडा परत येत नाही. याला यावे लागे. खरी गोम तिथेच. जाणे क्षणाचे, येणे मात्र महाग. विमान समुद्रावर उतरणार, त्याच्यासाठी जहाजाने वळण घेऊन जरा निवळ पाण्याचा पट्टा करून द्यायचा, वेग टाकायचा, क्रेनने त्याला उचलायचे. पाणबुडीला याहून सोपे सावज कुठले? डोळा पाठवायचा तर त्याची वाट पाहण्याची जोखीम पाठवणाऱ्यानेच घ्यायची. बहिर्जी नाईकांचे नाव आपण घेतो, पण त्यांचे ऐकून घेणारा राजा होता म्हणून त्या हेरगिरीला मोल आले.

फेअरी सीफॉक्स हे 1936 साली प्रथम उडालेले असेच ब्रिटिश विमान, दोघांचे. वैमानिक उघड्यावर, निरीक्षक झाकणाखाली. (वाऱ्याचा मार कोणी खायचा, हे कोणी ठरवले असेल?) 13 डिसेंबर 1939 ला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ एजॅक्स क्रूझरने जर्मन युद्धनौका ग्राफ स्पीशी झुंजताना, तोफा धडाडत असतानाच, सकाळी 6.37 ला ते सोडले. ग्राफ स्पीवरच्या अराडो विमानाचे इंजिन आधीच निकामी झालेले, म्हणजे शत्रू आंधळा. पण सीफॉक्सचा रेडिओ भलत्याच लहरीवर लावलेला! बारा मिनिटे वरच्याला सगळे दिसत होते आणि खालच्यांना काही ऐकू येत नव्हते.

आरेकडे वरून पाहणारे डोळे आता पुष्कळ आहेत, उपग्रहांचे, ड्रोनचे. 1949 साली म्हशींच्या तबेल्यांसाठी वसवलेली ही वसाहत त्यांना हिरवा तुकडा दिसते. त्याला जंगल म्हणायचे की नाही, यावर न्यायालयात कागद फिरले. 4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक पडली होती. दिसत नव्हते असे नाही. पाड्यांवरचे वारली बिबट्याची वाट, वाघदेवाचे ठाणे दाखवतच होते. ती लहर कोणी लावलीच नव्हती, असे मला वाटते.

सीफॉक्सला मात्र एजॅक्सने वाऱ्यावर सोडले नाही. ग्राफ स्पीचा पाठलाग चालू होता, तरी सव्वानऊच्या सुमारास त्याला पाण्यातून उचलून डेकवर घेतले.