कायमचा पत्ता

आमच्या बँकेत खातं उघडायच्या फॉर्मवर दोन रकाने असतात. एक 'सध्याचा पत्ता' आणि त्याच्याखाली 'कायमचा पत्ता'. गेली चोवीस वर्षं मी हे फॉर्म तपासतो आहे. माझा अनुभव असा, की पहिला रकाना माणूस झरझर भरतो आणि दुसऱ्यापाशी आला की त्याचं पेन थांबतं. मग तो काउंटरवर ओणवा होऊन विचारतो, "साहेब, इथं काय लिहायचं?" (मला 'साहेब' म्हणणारी माणसं फक्त या रकान्यापाशीच भेटतात. घरी तर हा शब्द कुणाला ठाऊकच नाही.) मी सांगतो, "वरीलप्रमाणे लिहा." तो सुटकेचा श्वास टाकून 'वरीलप्रमाणे' लिहितो आणि पासबुक घेऊन जातो. 'आपलं कायमचं ठिकाण कोणतं?' या प्रश्नापायी मोठमोठे ऋषी घरदार सोडून अरण्यात गेले. आम्ही तो एका शब्दात मिटवून पुढच्या टोकनला हाक मारतो. कॉमर्सचं शिक्षण वाया जात नाही, ते असं.

पण गेल्या वर्षी हाच रकाना आमच्या घरात शिरला आणि तिथं मात्र 'वरीलप्रमाणे' चालेना.

झालं असं, की माझा भाचा बाळू अमेरिकेहून आला. बाळू म्हणजे ताईचा मुलगा. वय अडतीस, पण घरात तो बाळूच. २००९ साली शिकायला गेला, तिथंच नोकरीला लागला आणि तेरा वर्षं रांगेत उभं राहून २०२२ साली त्याला ग्रीन कार्ड मिळालं. ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायमचं राहायचा परवाना. गंमत बघा, १९६४ नंतर कितीतरी वर्षं हे कार्ड हिरवं नव्हतंच. २०१० साली त्याला पुन्हा हिरवा रंग आला. आणि हे जे 'कायमचं' कार्ड, ते दर दहा वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. मला हे ऐकून बरं वाटलं. आमच्या बँकेतच शब्दांचे अर्थ असे होतात अशी माझी समजूत होती.

तर कंपनीनं बाळूला दीड वर्षाच्या कामावर ऐरोलीच्या ऑफिसात पाठवलं. तो, सूनबाई आणि पाच वर्षांची नात असे तिघं ताईकडे ठाण्याला येऊन राहिले. आता त्या घरातली परिस्थिती अशी : ताई भारताची नागरिक. नात जन्मानं अमेरिकेची नागरिक, तिच्याकडे भारतात आजन्म येण्याजाण्याचं ओसीआय कार्ड. आणि बाळू पासपोर्टानं भारतीय, परवान्यानं अमेरिकेचा कायम रहिवासी आणि स्वतःच्या आईच्या घरात, अमेरिकेच्या मते, तात्पुरता परदेशी गेलेला. तिघं एकाच कुकरमधला भात खातात.

बाळूनं मला एकदा त्या कायद्याची गोष्ट समजावून सांगितली. कायम रहिवाशानं सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर काढले, की परतताना विमानतळावरचा अधिकारी त्याला नव्यानं येणाऱ्यासारखं तपासू शकतो. वर्ष उलटलं, की नुसतं कार्ड दाखवून आत येता येत नाही. त्यासाठी निघण्याआधी, अमेरिकेत असतानाच, आय-१३१ नावाचा अर्ज करून पुनर्प्रवेशाचा परवाना मागायचा. तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो. छोटं पुस्तक असतं, पासपोर्टासारखं. आणि एवढं करूनही खात्री नाही ती नाहीच. कारण अधिकारी दिवस मोजून थांबत नाही, तो इरादा बघतो. तुम्ही गेलात ते खरोखर तात्पुरते गेलात का? परतायचं मनात होतं का? की मन केव्हाच तिकडे जाऊन बसलं आणि कार्ड नुसतं खिशात राहिलं?

"आणि मन कसं दाखवायचं?" मी विचारलं.

"फाइल करून," बाळू म्हणाला.

त्यानं खरोखरच फाइल केली होती. एडिसनच्या घराचा कर, विजेची बिलं, तिथलं बँक खातं, ड्रायव्हिंग लायसन्स, काम अमुक तारखेला संपणार असं कंपनीचं पत्र आणि जगभरच्या कमाईवर अमेरिकेत भरलेल्या आयकराचा हिशेब. आयकर भरताना 'मी अनिवासी' असं चुकून जरी लिहिलं, तरी तुम्ही मन काढून घेतलंत असा अर्थ होऊ शकतो. प्रेमाचा पुरावा म्हणून कोणी ताजमहाल बांधतो, कोणी आयकर भरतो. दुसरा खर्च जास्त नियमित.

मला यातलं काही नवं वाटलं नाही. डेप्युटेशनवर गेलेल्या सरकारी माणसाचा मूळ जागेवर 'लिएन' राहतो. तो काम करतो भलतीकडे, पण त्याची खुर्ची त्याच्या नावानं असते. बाळूनं अमेरिकेवर आपला लिएन ठेवला होता, इतकंच. (बँकेत लिएनचा अर्थ वेगळा. तुमच्या ठेवीवर आमचा हात. तो अर्थ ताईचा होता, हे पुढं कळलं.)

अडचण सुरू झाली ती माझ्याच काउंटरवर. बाळूचं आमच्या शाखेत एनआरई खातं. नियम असा, की अनिवासी माणूस नोकरीसाठी भारतात परतला, की ते खातं ताबडतोब निवासी करायचं. मी फॉर्म पुढे सरकवला.

"मामा, राहू दे ना. मी तात्पुरता आलोय."

"बाळू, आमच्या रिझर्व्ह बँकेला तुझं मन नको आहे. तू इथं नोकरीला आलास, संपलं. सही कर."

त्यानं केली. हे मी संध्याकाळी सहज ताईला फोनवर सांगितलं, आणि तिथंच चुकलो. ताईनं मधलं सगळं गाळून एवढंच ऐकलं, की खुद्द सरकारनं बाळूला 'निवासी' केलं. तिनं दोन दिवसांत ही बातमी डोंबिवलीपासून देवरुखापर्यंत पोचवली. मला साताऱ्याच्या मावसबहिणीचा अभिनंदनाचा फोन आला.

आता इथं आमच्या अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा १९५८ साली राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून मुंबईला आले, ते तात्पुरते. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत त्यांनी सदतीस वर्षं तात्पुरती काढली. भिंतीला खिळा मारायचा म्हटलं, की म्हणत, "कशाला? आपल्याला काय इथं राहायचंय?" फ्रीज घेतला नाही, कारण 'गावी वीज जाते.' गावच्या घराची किल्ली देवघरातल्या ताम्हनात असे आणि गंगेच्या गडूबरोबर तिलाही फूल वाहिलं जाई. घरपट्टी वेळच्या वेळी. गणपतीला दहा दिवस गावी, एसटीत उभं राहावं लागलं तरी. शेवटी अण्णा वारले ते ठाण्याच्या इस्पितळात. अर्जावर कायमचा पत्ता विचारल्यावर मी गाव लिहिलं. सध्याचाही तोच लिहिणार होतो.

मी एकदा बाळूला विचारलं, की अण्णा अमेरिकेच्या परीक्षेत पास झाले असते का? तो म्हणाला, "नाही मामा. वर्षातून एकदा पाय लावून आलं की कार्ड टिकतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाहीये." १९७५ साली तिथल्या अपील मंडळापुढे एका बाईंचं प्रकरण आलं होतं. बाई वर्षातले अकरा महिने जमैकात राहून तिथं खोल्या भाड्यानं द्यायच्या आणि महिनाभर अमेरिकेत यायच्या. मंडळानं सांगितलं, हे घरी परतणं नव्हे. म्हणजे आमच्या अण्णांची दहा दिवसांची गणपतीची रजा तर कुठच्या कुठे उडाली.

पण कायदा इतका निष्ठुरही नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७४ साली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे मेक्सिको आणि कॅनडाच्या हद्दीत राहून रोज किंवा हंगामापुरतं अमेरिकेत कामाला येणाऱ्यांचा प्रश्न होता. त्यांच्याकडे कार्ड कायम रहिवाशाचं, आणि राहतात मात्र पलीकडे. न्यायालयानं त्यांना चालवून घेतलं. म्हणजे कागदावर असं झालं, की हा माणूस संध्याकाळी बायकामुलांत जातो ती तात्पुरती परदेशवारी आणि सकाळी डबा घेऊन कामावर येतो तेव्हा तो घरी परततो. हे वाचल्यावर मला डोंबिवलीच्या सात-बाविसच्या लोकलमधले सगळे चेहरे डोळ्यांपुढे आले. आम्ही मुंबईचे कायम रहिवासी. डोंबिवलीला आपले झोपायला परदेशी जातो.

इथवर विनोद ठीक होता. मार्चमध्ये ताईनं मला ठाण्याला बोलावून घेतलं. बाळू ऑफिसात. ताईनं चहा ठेवला आणि गावच्या घराचा विषय काढला. घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. माजघरावरचे वासे कुजलेत, कौलं सरकलीत, आणखी एक पावसाळा निघत नाही. दुरुस्तीचा आकडा दीड लाख. दुसरीकडे एक गिऱ्हाईकही आलेलं, अक्षय्यतृतीयेच्या आत उत्तर हवं म्हणणारं.

"बाळू आलाय तर शाकारून घेऊ. पोरीला शाळेला सुट्टी लागली की जातील. जाणार असेल तर विकू. मी एकटी कुणासाठी ठेवू?" ताई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "तू विचार त्याला. मी विचारलं तर तो मला बरं वाटेल तेच सांगेल."

अमेरिकेच्या विमानतळावरचा अधिकारी जो प्रश्न विचारतो, तोच हा. फरक एवढाच, की त्याच्यासाठी फाइल तयार होती.

मी बाळूला तलावपाळीवर गाठलं. भेळ घेतली. (कठीण प्रश्न विचारताना हातात काहीतरी हवं.) तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, ऑफिसरला सांगायचं उत्तर माझ्याकडे आहे. आईला सांगायचं नाहीये."

"उत्तर एकच ना?"

"शब्द एकच आहेत. 'परत जायचंय' हे मी तिकडे अर्ज भरताना लिहिलं, तेव्हा शंभर टक्के खरं होतं. परवा पोर आईच्या मांडीवर रामरक्षा म्हणताना बघितली, तेव्हा ऐंशी टक्के झालं. सोमवारी ऑफिसला गेलो की परत पंचाण्णव."

मी चोवीस वर्षं बँकेत आहे, पण ही एंट्री कुठल्या बाजूला करायची ते मला कळेना. आपण समजतो इरादा म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट. एकदा ठेवला की मुदत संपेपर्यंत तेवढाच. वास्तविक ते बचत खातं असतं, रोज शिल्लक बदलते. अण्णा गावी परत जाणार होते, ते खोटं बोलत नव्हते. पण कुठल्याशा एका दिवशी ती शिल्लक संपली असणार आणि पासबुक भरून घ्यायचं त्यांनी टाळलं. आईनं सदतीस वर्षं भिंतीला खिळा मारला नाही. तिचा पदर दाराच्या कडीला अडकवून ठेवायची. शिल्लक रोज बदलते हा काही गुन्हा नाही. आपल्या शिल्लकेवर दुसरं कुणी चेक फाडून बसलं आहे हे ठाऊक असून गप्प राहणं, हा मात्र आहे. अमेरिकेचं सरकार काही बाळूची वाट बघत अंगणात बसलेलं नाही. त्याला फाइल मिळते. ज्यांना फाइल मागता येत नाही, त्यांनाच खरं सांगायला हवं.

हे सगळं मी बाळूला इतक्या सुसंगतपणे सांगितलं नाही. मी म्हणालो, "आज जी शिल्लक आहे ती सांग. तुझ्या तोंडानं सांग. मी सांगणार नाही." आणि भेळेचे पैसे दिले.

त्यानं त्याच रात्री सांगितलं. मी तिथंच जेवायला होतो. "आई, डिसेंबरात आम्ही जाणार. आत्ता तरी नक्की जाणार. तू माझ्यामुळे घर ठेवू नकोस."

ताईनं वाढणं थांबवलं नाही. त्याच्या पानात आमटी घातली, माझ्या पानात घातली. (मला नको होती.) मग मला म्हणाली, "त्या सुताराला सांग, सगळं नको. कुजले असतील तेवढे वासे बदल आणि कौलं परतून घे. यंदापुरती."

"आणि पुढल्या वर्षी?"

"पुढल्या वर्षी पुढल्या वर्षाचं. घर काय कुणी कायमचं शाकारतं? दर पावसाळ्याच्या आधी वर चढावंच लागतं." आणि बाळूकडे न बघता म्हणाली, "मे महिन्यात पोरीला घेऊन ये गावी. जायचं तर बघून जाऊ दे."

गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून कळवलं. खर्च बावन्न हजार आला, निम्मा माझा. मी काही बोललो नाही. मीही गणपतीला हल्ली दोनच दिवस जातो, तेव्हा बोलायला मला तोंड नव्हतं.

परवा काउंटरवर एक तरुण आला. विदर्भातून नव्यानं मुंबईत आलेला, हातात नेमणुकीचं पत्र. दुसऱ्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. "साहेब, कायमचा पत्ता काय लिहू?"

'वरीलप्रमाणे' माझ्या जिभेवर आलं होतं. पण म्हणालो, "आज जो वाटतो तो लिहा." तो लिहायला लागला, तेव्हा आणखी सांगितलं, "आणि बदलला, की येऊन कळवा. तेवढं मात्र विसरू नका."

त्यानं मान डोलावली आणि मी पुढच्या टोकनला हाक मारली.